मावशींनी नको म्हटलंय

"भारतीय घरांतून इतके कमी फॉर्म का आले?" प्रिन्सिपल मॅडमनी किचनमध्ये येऊन विचारलं, तेव्हा मी ट्रे पुसत होते. पुसलेलाच ट्रे मी पुन्हा पुसला.

मी अमेरिकेत, बॉथेलच्या एका एलिमेंटरी स्कूलच्या किचनमध्ये काम करते. नववीत शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले. एवढ्याशा शिक्षणावर या लोकांनी मला कामावर घेतलं, याची रोज हेअरनेट घालताना आठवण होते. आणि रोज धाकधूकही असते, की कुणी काही वाचायला दिलं तर?

फॉर्मचं आधी सांगते. आमच्याकडे लंच सगळ्याच मुलांना फ्री आहे. तरी सप्टेंबरमध्ये घरोघरी एक फॉर्म जातो : घरात माणसं किती, इन्कम किती. कमी इन्कमची मुलं जितकी कागदावर दिसतील, त्या हिशोबानं शाळेला पुढच्या वर्षी जादा सरकारी फंडिंग मिळतं. आमच्या कॅरलचा पगार त्यातून होतो. कॅरल म्हणजे रीडिंग टीचर. वाचनात मागे पडलेल्या मुलांना दोघा-तिघांच्या गटात बसवून शिकवते. बुधवारी लंच आवरलं की अर्धा तास मलाही शिकवते, फुकट.

त्या सप्टेंबरात पालकांच्या मीटिंगला मॅडमनी मला फॉर्मच्या टेबलावर बसवलं. "तुमची माणसं तुम्हालाच विचारतील," म्हणाल्या.

विचारलंच. वैशालीच्या नवऱ्याचा जॉब नुकताच गेला होता. तिचा ओजस दुसरीत, कॅरलच्या दुपारच्या गटात.

"मावशी, हा भरायचाच का हो? लंच तर तसंही मिळतंय. आणि आमचं व्हिसाचं हे असं लटकलेलं."

मी फॉर्मकडे पाहिलं. बारीक अक्षरं. 'मला नाही कळत, थांब, विचारून येते,' एवढंच म्हणायचं होतं. पण समोर शिकलेली इंजिनिअर बाई मला विचारत होती. तोवर माझा सल्ला कुणी मागितला नव्हता.

"नको गं," मी म्हटलं. "सरकारी कागद तो. उगाच नाव लागायचं कुठेतरी."

तिनं ते मराठी ग्रुपवर टाकलं : 'स्कूलमधल्या मावशींनी नको म्हटलंय.' तिथून ते आणखी कुठे कुठे गेलं.

आता मॅडम किचनमध्ये आल्या, कारण बजेट आलं होतं आणि फंडिंग घटलं होतं. पुढच्या वर्षी कॅरल आमच्याकडे फक्त सकाळी, दुपारी दुसऱ्या शाळेत.

"लोकांना घरचं सांगायला आवडत नसेल," मॅडमबरोबर आलेली कॅरलच त्यांना म्हणाली. माझीच बाजू घेतल्यासारखी, काही माहीत नसताना.

दोन बुधवार मी तिच्याकडे गेले नाही. तिसऱ्या बुधवारी गेले आणि सगळं सांगून टाकलं.

"तो फॉर्म इथे घेऊन आली असतीस," कॅरल म्हणाली, "तर आपण वाचला असता."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

मॅडमनाही सांगितलं. नोकरी राहिली. फंडिंग मात्र गेलं ते गेलंच. मग तीन बुधवार कॅरलनं माझ्याकडून तोच फॉर्म वाचून घेतला. व्हिसाशी त्याचा संबंध नाही, हे मागच्या पानावर चक्क छापलेलं होतं.

पुढच्या सप्टेंबरात मी पुन्हा टेबलावर. वैशाली आली, तिला म्हटलं, "मागच्या वर्षी मला हा वाचता आला नव्हता. म्हणून नको म्हटलं."

"अहो मावशी, मग तसं सांगायचं ना! मी वाचला असता."

तिच्यामागून ओजसनं विचारलं, "इज मिस कॅरल हिअर आफ्टर लंच?"

वैशालीनं पेन मागितलं.

यंदा फॉर्म भरपूर आले. त्यांचं फंडिंग पुढच्या वर्षी येईल. तेव्हा ओजस चौथीत असेल.

टेबलावर बसवलं म्हणजे उत्तर येतंच असं नाही. 'माहीत नाही' म्हणायला नववीपर्यंतचं शिक्षण पुरलं असतं.