पराडकरांचा लेझर मेळावा

मनवेलपाड्यात आमच्या समोरच्या दारात श्रीरंग पराडकर राहायचे. मूळचे मालवणकडचे. लालबागेतली खोली विकून आईला घेऊन विरारला आले होते. लग्न केलं नव्हतं. अंधेरीच्या एका कंपनीत दुरुस्तीचं काम करायचे. मोठ्या दुकानांत वस्तूंवरच्या काळ्या रेघा वाचणारी यंत्रं असतात ना, ती दुरुस्त करायचे. त्यातून मोडीत निघालेल्या लेझरच्या नळ्या साहेबांना विचारून घरी आणायचे.

त्या नळ्यांचं ते काय करतात हे मला त्यांच्या आईच्या आजारपणात कळलं. आजी अंथरुणाला खिळल्या होत्या आणि दिवसभर छताकडे बघून कंटाळायच्या. पराडकरांनी एका लहान स्पीकरवर आरशाचा तुकडा चिकटवला आणि त्यावर लाल किरण सोडला. टेपवर गाणं लावलं की आरसा थरथरायचा आणि छतावर लाल रेघांची वेटोळी फिरू लागायची. संथ गाण्याला मोठी, सैल वेटोळी. ढोलकी आली की काटेरी. आजी मला हाक मारून सांगायच्या, "सुनंदा, ये गो, रंग्यान छतावर काय सोडल्यान बघ."

आजी २००२ साली गेल्या. पराडकरांच्या घरी टेप पुन्हा वाजायला तीनेक महिने लागले. मग एका संध्याकाळी बंद दाराच्या फटीतून लाल उजेड हलताना दिसला. माझे यजमान म्हणाले, "बरं झालं, माणूस सावरला." मला तसं वाटलं नाही. आजी होत्या तेव्हा दार उघडं असायचं.

स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत ते दर रविवारी जायला लागले. देशभरातल्या लेझरच्या हौशी लोकांचा एक गट त्यांना इंटरनेटवर सापडला होता. कोणी आरसे फिरवायच्या मोटारी बनवायचं, कोणी संगणकावरून अक्षरं काढायचं. त्यातला पुण्याचा हर्षवर्धन मोडक त्यांचा खास मित्र झाला. दोघं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. रविवारी परतताना पराडकर आमच्या दारात थांबायचे, "वहिनी, हर्षवर्धननं हिरवा लेझर मिळवलाय. लालपेक्षा कितीतरी ठळक दिसतो म्हणे." किंवा, "हर्षवर्धन म्हणतो, आरसा चिकटवायला गोंद नको, रबर वापरा." मी हर्षवर्धनला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याला कोणता आंबा आवडतो तेही मला माहीत झालं होतं. त्या दोघांनी तरी कुठे एकमेकांना पाहिलं होतं? फोनही कधी केला नव्हता. पराडकर आपला घरचा नंबर लिहून त्याचा मागायचे, तो पुढच्या मेलमध्ये दुसरंच काहीतरी लिहायचा.

२००५ च्या पावसाळ्यानंतर पराडकरांनी ठरवलं की सगळ्यांना विरारला बोलवायचं. डिसेंबरातला शनिवार, सगळ्यांनी आपापली यंत्रं आणायची, एकमेकांची बघायची. गटावर लिहिल्याबरोबर भराभर होकार आले. सुरत, नाशिक, वापी, अगदी हैदराबादही. सगळ्यात आधी हर्षवर्धनचा.

मग पराडकर हॉल शोधत फिरू लागले. लग्नाचे हॉल त्यांच्या कामाचे नव्हते, तिथे खिडक्या फार. शेवटी चंदनसारला एका सोसायटीचा बुटका, लांबट हॉल मिळाला. तिथल्या मॅनेजरनं विचारलं, "बारसं की साखरपुडा?"

"अंधार करायचाय," पराडकर म्हणाले.

मॅनेजरनं पेन खाली ठेवलं. मग सगळं समजावून सांगितल्यावर त्यानं एकच अट घातली, भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत.

त्या वर्षी आमच्याकडे लोडशेडिंगचा कहर होता. वीज कधी जाणार हे वायरमनला विचारून विचारून पराडकरांनी कार्यक्रमाची वेळ ठरवली, वर जनरेटरवाल्यालाही सांगून ठेवलं. खिडक्यांना लावायला काळा कागद आणला. हवेत किरण दिसायला धूर लागतो, म्हणून मातीच्या धुपाटण्यांत धूप घालून ती चार कोपऱ्यांत ठेवायची ठरली. कोणाच्या डोळ्यांत किरण जाऊ नये म्हणून खुर्च्या कुठे मांडायच्या याच्या त्यांनी जमिनीवर खडूनं खुणा केल्या. हर्षवर्धनचं यंत्र जड असणार म्हणून त्याच्यासाठी दाराजवळ वेगळं टेबल ठेवलं. बटाटेवडे मी करणार होते. "किती माणसांचे?" मी विचारलं.

"तीस धरा वहिनी. कोणी बायकामुलांना घेऊन येईल."

शेवटच्या आठवड्यात मेल यायला लागले. कोणाची परीक्षा, कोणाची बदली, कोणाच्या घरी पाहुणे. हैदराबादच्यानं तर काही कळवलंच नाही. पराडकर रोज ऑफिसातून येता येता कॅफेत डोकावायचे आणि वर येताना मला सांगायचे नाहीत. मीच विचारायची. "हर्षवर्धन येतोय," एवढंच म्हणायचे. त्याला त्यांनी हॉलचा फोन नंबर कळवून ठेवला होता.

शनिवारी पराडकर आणि मी दुपारीच हॉलवर गेलो. वेळेआधी पहिला आला तो वापीचा अल्पेश. तो लग्नांत लेझर लावायचा. मोठी पेटी घेऊन आला होता, पण ती त्यानं उघडली नाही. "बाकी लोक किधर?" म्हणून इकडेतिकडे पाहिलं, पराडकरांना स्वतःचं कार्ड दिलं आणि म्हणाला, "भाऊ, शौक ठीक आहे, पण यात धंदा बघा. धुराचं मशीन घ्या माझ्याकडून." चहा पिऊन, दोन वडे खाऊन तो गेला. त्याला नालासोपाऱ्यात एक रिसेप्शन होतं.

मग जवळच्या जूचंद्र गावचे हरेश्वर म्हात्रे आले. ते गटातले नव्हते. कॅफेच्या दारावर पराडकरांनी लावलेला कागद वाचून आले होते. रांगोळी काढणारा माणूस, बोटांना अजून रंग लागलेला. "आमाला बसाया चालंल ना? आमी आपले बघाया आलो," ते म्हणाले आणि खडूच्या खुणेवरची खुर्ची जरा पुढे ओढून बसले. पराडकरांनी ती हात जोडून परत मागे घ्यायला लावली.

अंधार पडत आला तेव्हा मॅनेजरच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यानं पराडकरांना हाक मारली. "हॅलो," पराडकर म्हणाले. पलीकडून काहीच नाही. "हॅलो, हर्षवर्धन का? कुठे आहेस? मी न्यायला येऊ?" फोन बंद झाला. ते रिसीव्हर हातात धरून उभे होते. "लाइन खराब असेल," मी म्हटलं.

आणखी तासभर वाट पाहिली. मग मॅनेजरच म्हणाला की नऊला हॉल बंद होतो, तेव्हा त्यांनी दिवे घालवले. धूप पेटवला. टेप सुरू झाला आणि त्या लांबट हॉलमध्ये लाल किरण धुरातून पार भिंतीपर्यंत गेला. मी घरातलं छतावरचं पाहिलं होतं, पण हे निराळं होतं. किरणाचा पंखा उलगडायचा, मिटायचा, भिंतीवर कमळासारखं काहीतरी उमलून पुन्हा रेघ व्हायची. बघायला आम्ही तिघं, मी, म्हात्रे आणि मॅनेजर. बाकी रिकाम्या खुर्च्या. त्यांच्या पाठींवरही लाल उजेड पडत होता. पराडकरांनी ठरवलेलं सगळं पुरं केलं, एकही गाणं गाळलं नाही.

दिवे लागल्यावर म्हात्रे उठून भिंतीजवळ गेले, तिथे हात फिरवून पाहिला. "रांगोली पुसाया झाडू तरी लागतं," ते म्हणाले. "ह्ये तर कायच ऱ्हात नाय." पराडकर मान हलवून काळे कागद काढायला लागले. उरलेले वडे मी बिल्डिंगमध्ये वाटले.

चार-पाच दिवसांनी त्यांच्या घरी फोन आला. ते नंतर आमच्याकडे येऊन बसले आणि मला सांगू लागले. फोनवर एक म्हाताऱ्या बाई होत्या. "मी हर्षवर्धनची आई बोलतेय. तो आला होता हो तुमच्याकडे. यंत्र घेऊन विरार स्टेशनपर्यंत आला होता. पुलावर बराच वेळ उभा राहिला, मग तुम्हाला फोन लावला आणि बोलता येईना म्हणून परत आला. फार अडखळतो हो तो, लहानपणापासून. लिहिताना अडखळत नाही ना. तुम्हाला कळलं तर तुम्ही लिहिणं सोडाल असं त्याला वाटतं. मी फोन केला हे त्याला माहीत नाही."

मला वाटलं होतं पराडकरांचं मन पाघळेल. ते चिडले. "मी काय त्याची तोंडी परीक्षा घेणार होतो का, वहिनी? मी तिथे खुर्च्या मांडून बसलो होतो." पुढचे कित्येक रविवार ते कॅफेत गेले नाहीत. घरातला लाल उजेडही बंद झाला. संध्याकाळी ते नुसते गॅलरीत उभे दिसायचे.

फेब्रुवारीत एका रविवारी पहाटे ते एक पिशवी घेऊन बाहेर पडले. हर्षवर्धनच्या आईकडून पत्ता घेऊन पुण्याला गेले होते, हे मला ते परतल्यावर कळलं.

"भेटला?" मी विचारलं.

"दार त्यानंच उघडलं. माझं नाव घ्यायला गेला आणि 'श्री'वरच अडला. मी थांबलो. बराच वेळ लागला, पण घेतलं त्यानं पूर्ण नाव."

मग दिवसभर दोघांनी खिडक्यांना चादरी लावून हिरवा लेझर चालवला. पराडकरांनी सोबत नेलेले आरसे त्याच्या मोटारीवर बसवून पाहिले, एक फुटला. बोलले फार कमी. जेवताना त्याची आईच एकटी बोलत होती. निघताना हर्षवर्धन बसस्टॉपपर्यंत आला आणि बस सुटेपर्यंत उभा राहिला.

"मग पुढच्या वर्षी मेळावा इकडेच करा ना, दोघांचा," मी म्हटलं.

"बघू," पराडकर म्हणाले.

ते झालं नाही. पावसाळ्याआधीच हर्षवर्धन आईला घेऊन बहिणीकडे बेंगळुरूला गेला. सुरुवातीला मेल यायचे, मग सणासुदीलाच यायला लागले. गटावर हळूहळू विकणाऱ्यांच्याच जाहिराती उरल्या. स्वस्त चिनी लेझर बाजारात आले आणि नवरात्रात प्रत्येक मैदानावर हिरवे किरण फिरायला लागले.

एकदा मी भाजी घेऊन येत होते, तेव्हा पराडकर मैदानाच्या कडेला उभे दिसले. यंत्र चालवणाऱ्या माणसाला ते सांगत होते, "किरण खाली येतोय, लोकांच्या डोळ्यांत जाईल. जरा वर घ्या." गाण्याच्या आवाजात त्याला ऐकू येत नव्हतं. पराडकरांनी हात वर करून खुणेनं दाखवलं. त्यानं हसून त्यांना हात केला आणि पुन्हा यंत्राकडे वळला. मग माझ्याबरोबर ते घराकडे चालू लागले. वाटेत त्यांनी मेथी कशी मिळाली विचारलं, मी सांगितलं. जिना चढून वर आल्यावर आम्ही आपापली कुलपं उघडली.