संघ खाली आला, सर राहिले

आदरणीय किसनराव वाव्हळे सरांची आणि माझी पहिली भेट भांडणात झाली. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात हे लिहावे की नाही, असा मला प्रश्न पडला होता. सरांनाच विचारले. ते म्हणाले, "जे झालं ते लिही. माझी आरती ओवाळू नको." म्हणून लिहितो.

मी तेव्हा अकरावीत होतो. गंगाखेडच्या मैदानावर सामना चालू होता. पंचांनी आमचा गोल नाकारला आणि मी त्यांच्या हातातली शिट्टी हिसकावून घेतली. सर समोरच्या संघाचे प्रशिक्षक. ते सावकाश चालत आत आले, माझ्या मुठीतून शिट्टी सोडवली, शर्टाला पुसून पंचांना परत केली आणि मला म्हणाले, "उद्या सकाळी सहाला आमच्या सरावाला ये. हा राग संगट आण, हितं सांडू नको." दुसऱ्या दिवशी मी खरे तर भांडायलाच गेलो होतो. त्यांनी मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या. भांडण राहूनच गेले आणि मी मात्र त्यांच्या संघात आलो.

सर पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. कालव्याला पाण्याची पाळी सुटली की वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांचे भागते आणि शेवटच्या टोकाचा, ज्याला आपण टेलचा म्हणतो, तो पुष्कळदा कोरडा राहतो. सर नोकरीभर टेलच्या शेतापर्यंत सायकलने जाऊन बघत. "टेलला पाणी पोचलं, तवाच पाळी झाली म्हणायची," असे ते म्हणत. फुटबॉलमध्येही त्यांनी हाच नियम लावला. जो पोरगा मोसमभर सरावाला आला, त्याला सामन्यात पाळी मिळणारच. समोर कोणता संघ आहे, सामना कोणता आहे, याच्याशी सरांना देणेघेणे नव्हते.

या नियमानेच तीन वर्षांपूर्वी आमचा संघ जिल्हा लीगच्या पहिल्या गटातून दुसऱ्या गटात घसरला.

मोसमाचा शेवटचा सामना होता. बरोबरी केली असती तरी वाचलो असतो. आमचा दुसरा गोलकीपर रौफ वर्षभर एकही सराव न चुकवता आला होता आणि त्याला एकदाही मैदानात उतरायला मिळाले नव्हते. सरांनी त्याच्या हातात हातमोजे दिले. मी तिथल्या तिथे पेटलो. "सर, आज नको. पुढच्या मोसमात त्याला दोन पाळ्या द्या."

"पुढच्या मोसमात दुसरं कुणीतरी टेलला असंल," सर म्हणाले.

दहा मिनिटे उरली असताना एक साधा चेंडू रौफच्या हातातून निसटून आत गेला. आम्ही एका गोलने हरलो. रौफ खांबाला टेकून बसला होता. सर त्याच्या शेजारी मातीत बसले आणि त्याच्या हातमोज्यांच्या पट्ट्या सोडवू लागले. मला ते दृश्य पाहवले नाही. कीव आली म्हणून नव्हे, संतापाने.

मी आमच्या क्रीडा मंडळाच्या अध्यक्षांना, म्हणजे आपल्या नानांना, पत्र लिहिले. ज्या प्रशिक्षकाने संघ बुडवला त्यांना आठ दिवसांत दूर करावे, अशी त्यात मागणी होती. भाषा याहून वाईट होती; ती इथे देत नाही. बैठकीत ते पत्र मोठ्याने वाचले गेले, तेव्हा सर समोरच बसले होते. मग जो तो मुदत सांगू लागला. कोणी म्हणाले तीन सामने द्या, कोणी म्हणाले दिवाळीपर्यंत बघू, कोणी म्हणाले एक पूर्ण मोसम तरी. बाजारात बैलाचे दात मोजल्यासारखे चालले होते आणि ज्यांचे मोजत होते ते मान खाली घालून ऐकत होते.

शेवटी नानांनी विचारले, "सर, तुमीच सांगा. किती दिवस पाहिजेत?"

"दिवस नकोत नाना," सर म्हणाले. "ज्या अकरा पोरांना घेऊन मी खाली आलो, त्यातलं एक जरी संघ सोडून गेलं, तर त्या दिवशी मी गेलो. तोवर राहू द्या."

सगळ्यांना ही अट पसंत पडली. मला मात्र ती अडचणीची होती. कारण मी मनातून आधीच निघालो होतो.

झाले असे होते की सोनपेठची एक मुलगी नर्सिंग शिकायला पुण्याला गेली होती, आणि माझे चित्त तिच्यामागे गेले होते. ती गेली तेव्हाच मी बी.ए. दुसऱ्या वर्षात सोडले. घरी रामायण झाले. सरांनी एका शब्दाने बोल लावला नाही. ते मला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात घेऊन गेले आणि मालकांना म्हणाले, "पोरगं तापट हाय, पण तार धरायला हात थिर हाय त्याचा." त्यांच्या शब्दावर मी कामाला लागलो. ज्यांच्या शब्दावर माझी चूल पेटली, त्यांच्याविरुद्ध मी पत्र लिहिले, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. मी तर विसरत नाही.

दुसऱ्या गटातले तीन सामने झाल्यावर माझ्याने राहवेना. पुण्यात काम बघायचे आणि तिकडेच राहायचे, असे ठरवून मी सरांच्या घरी गेलो. ते जेवत होते.

"सर, मी पुण्याला चाललोय."

"बस, आधी खाऊन घे. परत येणार का न्हाई?"

"न्हाई."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, माझ्या ताटात ठेवला. मी म्हणालो, "तुमची अट..."

"अट मी घातली. तू कशाला तिचं वझं उचलायलास? पोरगी चांगली हाय का?"

"लय चांगली हाय."

"मग नीट बोल तिच्याशी. पंचाशी बोलतूस तसं नको."

ते माझ्याबरोबर स्टँडवर आले. गाडीला ही गर्दी. सरांनी खिशातला रुमाल काढला, खिडकीतून आत टाकून माझी जागा धरली आणि गाडी हलेपर्यंत खाली उभे राहिले. ज्याच्या जाण्याने आपले पद जाणार, त्याला बसायला जागा मिळावी म्हणून धडपडणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पुण्यात ती भेटली. चहा घेता घेता तिने सगळे ऐकून घेतले आणि सरळ विचारले, "तू माझ्यासाठी आलास, का तिकडून पळून आलास?" "माझं शिक्षण होऊ दे. तवर तूही एखादी गोष्ट शेवटपर्यंत कर," ती म्हणाली. मी आणखी दोन दिवस उगाच फिरलो. डोळ्यांपुढे ती असायला हवी होती, पण खिडकीखाली उभे असलेले सर येत होते. चौथ्या दिवशी सकाळी मी गंगाखेडला उतरलो.

घरी न जाता पिशवी घेऊन तडक मैदानाकडे निघालो. सर गेले असतील, तिथे दुसरेच कोणी उभे असेल, ही भीती होती. बाभळींच्या अलीकडे असतानाच शिट्टी ऐकू आली. दोन आखूड, एक लांब. अशी शिट्टी आमच्या तालुक्यात एकच माणूस वाजवतो. मी तिथेच पिशवी टाकली आणि तोंडावर हात घेऊन रडलो.

सर मला बघून एवढेच म्हणाले, "बूट घाल. दहा मिनिटं उशीर झालाय."

मधे काय घडले ते रौफने सांगितले. "काय नवरदेव, वरात परत आली? तू गेलास तसं सर राजीनामा घेऊन नानांकडं गेले ना! नानांनी चष्मा काढला, खिशात घातला आन् म्हणले, चष्मा दुरुस्तीला दिलाय परभणीला, मला वाचता येत न्हाई. सर म्हणले, मी वाचून दावतो. तर नाना म्हणले, कानाला बी कमी येतंय आता. चार दिवसांनी या."

त्या चार दिवसांमुळे सर आम्हाला राहिले. नानांचे उपकार मी या ठिकाणी नोंदवतो.

संघ खाली आल्यावर प्रशिक्षकाला किती मुदत द्यावी, हा वाद आजही चहाच्या टपरीवर निघतो आणि मला चिडवायला मुद्दाम काढला जातो. माझे मत असे, की हरल्यावर माणूस पोरांशी कसा वागतो ते दिसेपर्यंत तरी थांबावे. आठ दिवसांत ते दिसत नाही. मला तर दिसायला पुण्याला जावे लागले.

आम्ही अजून वर गेलेलो नाही. गेल्या मोसमात तिसरे आलो, वर जातात दोनच. अकरापैकी दोघांची लग्ने झाली, एकाला मुलगी झाली, पण सोडून कोणी गेले नाही. रौफ आता पहिला गोलकीपर आहे. तो कधी कधी अजूनही साधे चेंडू सोडतो, आणि मी अजूनही ओरडतो.

मागच्या महिन्यात बैठकीत विषय निघाला, की सर साठीचे झाले, आता तरुण माणूस बघावा. मी उठून उभा राहिलो. माझा स्वभाव ठाऊक असल्याने शेजारच्या दोघांनी खुर्च्या मागे घेतल्या. मी म्हणालो, "सर राहू द्या," आणि खाली बसलो. इतके थोडे मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. उरलेले दहा जण पाठोपाठ उठले आणि तेवढेच बोलले. सरांनी हरकत घेतली, पण ती कोणी लिहून घेतली नाही. त्या दिवशी घरी जाताना मला पोटभर जेवल्यासारखे वाटत होते.

सरांचे गुडघे दुखू नयेत, डोळ्यांना लांबचे असेच दिसत राहावे, घरून वहिनीबाईंनी बांधून दिलेले पथ्याचे डबे त्यांनी आम्हाला न वाटता स्वतः खावेत. त्यांना निरोगी, भरभरून आयुष्य मिळो. येत्या रविवारी चार वाजता आमचा सामना आहे. सर मैदानाच्या कडेला उभे असोत. त्याच्या पुढच्या रविवारीही असोत. त्याच्याही पुढच्या.