नाही म्हटलंत तरी चालेल

पाहुण्याला चहा विचारताना त्याच्यासमोर नकारही बशीत घालून ठेवणारा माणूस साऱ्या मुंबईत एकच आहे, आणि तो माझ्या वाट्याला मेहुणा म्हणून आला. "भावोजी, चहा घेणार? नाही म्हटलंत तरी चालेल." हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतो आहे. दादरच्या त्याच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा पुरणपोळी वाढतानाही तो हेच म्हणाला होता. नवीन जावई म्हणून मी लाजत "नको, पुरे" म्हणालो आणि त्याने खरोखरच पोळी परत नेली. आपल्याकडे पहिला नकार हा नकार नसतो, तो आग्रहाला दिलेला इशारा असतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी त्या दिवशी भात खाऊन उठलो. आमची ही घरी येईपर्यंत हसत होती.

मेहुणा परळच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. पुढे कॉलेजने संशोधन कक्ष काढला आणि जिन्याखालच्या खोलीत, भंगारातल्या बाकांशेजारी, याला त्याचा प्रमुख करून बसवलं. प्राध्यापकांना संशोधनासाठी अनुदान कुठून मिळेल ते शोधायचं, अर्ज लिहायला मदत करायची आणि पैसे आले की ते नियमाने खर्च होताहेत ना, यावर डोळा ठेवायचा, असं ते काम. दुसरा कोणी असता तर संध्याकाळी खोलीला कुलूप लावून माणसात आला असता. हा कुलूप लावायचा, पण नियम पिशवीत घालून घरी आणायचा.

अनुदान मिळालं की ते कशावर खर्चलं याचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. आमच्या धाकटीला तिच्या मामाने वाढदिवसाला पुस्तकांसाठी पैसे दिले, तेव्हा तिच्याकडूनही त्याने ते मागितलं. तिने प्रामाणिकपणे लिहून दिलं, की सदर रक्कम शिवाजी पार्कच्या कोपऱ्यावर पाणीपुरीवर खर्च झाली. मामाने लाल शाईने शेरा मारला, "खर्च मंजूर शीर्षाखाली नाही." पोरीचा चेहरा पडला तसा खाली आणखी एक ओळ आली, "आकस्मिक खर्च म्हणून मान्य. पुढच्या वेळी मलाही बोलवावे."

वस्तू घ्यायची तर तीन ठिकाणची दरपत्रकं हवीत, हा दुसरा नियम. तो त्याने दादरच्या मासळीबाजारात नेला. तीन कोळणींकडे एकाच आकाराच्या सुरमईचा भाव विचारायचा, लिहून घ्यायचा, मग बाजूला उभं राहून विचार करायचा. त्यातली एक त्याला कॉलेजच्या पोरांपेक्षा चांगली ओळखायची. ती ओरडायची, "ओ प्रोफेसर! तुजा कागद होईस्तोवर मासा म्हातारा झाला ना!" तो शांतपणे सांगायचा, "मावशी, प्रक्रिया आहे." "तुज्या प्रक्रियेला कालवण घाल," मावशी म्हणायची आणि शेवटी तीच त्याला सगळ्यात स्वस्त द्यायची, बहुतेक लवकर जावा म्हणून.

आपला संबंध असेल तिथे आपण मत द्यायचं नाही, हा तर त्याचा जीव की प्राण. एकदा गणपतीत त्याच्या बायकोची आणि आमच्या हिची सोलकढी एकाच पंगतीत आली. कोणाची चांगली, असं कोणीतरी विचारलं. जाणती माणसं अशा वेळी ठसका लागल्याचं नाटक करतात. हा ताटावरून उठला. "एक माझी पत्नी, एक माझी बहीण. माझे हितसंबंध गुंतलेले आहेत," असं जाहीर करून उष्ट्या हाताने गॅलरीत जाऊन उभा राहिला. निर्णय झाल्याशिवाय आत येईना. निर्णय काय झाला ते मी लिहीत नाही, मलाही घरात राहायचं आहे.

प्राध्यापक मंडळी त्याला पाहिलं की वाचनालयात शिरत. कारण हा दिसला की मुदत दिसायची. एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या शोकसभेत याने त्याचे हात हातात घेतले, डोळे पुसले आणि म्हणाला, "फार मोठा माणूस होता. तुमचा प्रस्ताव शुक्रवारी बंद होतोय." लोक हे किस्से सांगतात. मात्र त्या सहकाऱ्याचा प्रस्ताव शुक्रवारच्या आत वेळेवर गेला आणि तो अर्ध्याहून जास्त यानेच लिहिला होता, हे कोणी सांगत नाही. मीही सांगत नसे. शिवाजी पार्कच्या आमच्या सकाळच्या कट्ट्यावर मेहुण्याचे किस्से ही माझी मक्तेदारी होती आणि त्यातला सगळ्यात गाजलेला किस्सा मी अर्धाच सांगत आलो. उरलेला अर्धा सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

झालं असं. कॉलेजातल्या समाजशास्त्राच्या एका तरुण प्राध्यापिका, सावंत मॅडम, यांना मोठ्या मुश्किलीने अनुदान मिळालं होतं. गिरणी कामगारांच्या घरातल्या बायकांनी चाळीत काढलेलं आयुष्य, चाळी पडून टॉवर उभे राहायच्या आत, त्यांच्याच तोंडून नोंदवायचं. काम वेळेत झालं तर पुढचा हप्ता मिळणार आणि त्यांची नोकरी कायम व्हायलाही मदत होणार. पण बायका बोलायला हव्यात ना! माझी मोठी बहीण, अक्का, नायगावच्या चाळीत राहायची. तिचे यजमान गिरणीत होते. मॅडम कामासाठी मेहुण्याच्या घरी आल्या होत्या, तिथे मी त्यांना म्हटलं, "चला, मी नेतो. अख्खा मजला बोलायला लावतो."

मेहुणा म्हणाला, "भावोजी, तुम्ही मध्ये पडू नका. तुम्ही त्यांचे भाऊ. तुमच्यासमोर अक्का नाही म्हणायच्या नाहीत."

"अरे, मग चांगलंच की!" मी म्हटलं.

नेलं मी. अक्काने चहा केला, भजी तळली. मी म्हटलं, "अक्का, बोल गं सगळं, पोरीचं काम होईल." मॅडमनी संमतीपत्र वाचून दाखवलं, अक्काने सही केली, रेकॉर्डर सुरू झाला. अक्का बोलली, शेजारच्या बोलल्या, प्रत्येक घरात चहा झाला, प्रत्येक घरात मी "हो म्हणा" म्हटलं. एकाच दुपारी मजला संपवला. संध्याकाळी लढाई जिंकल्यासारखा मी दादरला गेलो आणि मेहुण्याला सगळं सांगितलं. तो फक्त म्हणाला, "इतक्या लवकर सगळ्या हो म्हणाल्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटा नायगावला गेला. आता ऐका. चाळीत कोणाच्या दारात जाऊन चहा नाकारणं म्हणजे भांडण करायला जाणं. हा प्रत्येक दारात उभा राहिला, उंबरा ओलांडला नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही आणि विचारत सुटला, "काल जे बोललात ते ठेवायचं की पुसायचं? नाही म्हटलंत तरी चालेल." मजल्यावर खळबळ उडाली. कोणाला वाटलं पोलिसांचा माणूस, कोणाला वाटलं बिल्डरचा. त्याने परत येऊन त्या दुपारची सगळी रेकॉर्डिंग पुसायला लावली. कॉलेजच्या नीतिमत्ता समितीपुढे स्वतःच उभा राहून सांगितलं, की या मुलाखती धरू नयेत, कारण गोपनीय आहे, जबाबदारी माझी. मुदत गेली, हप्ता बुडाला. मॅडम स्टाफरूममध्ये रडल्या, असं कानावर आलं.

मी कट्ट्यावर सांगितलं, "एका कप चहापायी आमच्या मेहुण्याने पोरीचं प्रोजेक्ट बुडवलं!" कट्टा खूश. मग मी ते रंगवत गेलो. त्याचं उंबऱ्याबाहेर ताठ उभं राहणं, मान तिरकी करून "नाही म्हटलंत तरी चालेल" म्हणणं, सगळं हुबेहूब करायचो. कट्ट्यावर त्याला 'चालेल सर' नाव पडलं. आमच्या धाकटीच्या लग्नात, भर पंगतीत, त्याच्यादेखत मी ही नक्कल केली. लोक हसून लोळले. तोही हसला. सगळ्यांचं हसून झाल्यावर, जरा उशिरा.

बरीच वर्षं गेली. अक्काची चाळ रिकामी व्हायची वेळ आली, टॉवरमध्ये घर मिळालं. सामान बांधायला मी गेलो होतो. पितळेचे डबे कागदात गुंडाळता गुंडाळता तिला हसवायला म्हणून तीच नक्कल काढली. अक्का हसली नाही. डबा खाली ठेवून म्हणाली, "तू ह्यां सगळीकडे सांगतस?"

"का गं?"

"त्या दिवशी मी बोललंय ता बोलूचा नव्हता. संपातल्या दिवसांचा. आमच्या घरातला. रातभर झोप नाय. सकाळी तो दारात इलो, तेका सांगलंय, पूस बाबा."

"मग मला का नाही सांगितलंस? त्या पोरीला नाही म्हणायचंस!"

"घराक इलेल्या माणसाक नाय कसा म्हणूचा रे? त्यातय तू तिका एवढ्या तोऱ्यात घेवन इलेलंस." मग हळूच म्हणाली, "मीच तेका म्हटलंय, माझ्या भावाक सांगू नको. तेका वायट वाटतला."

त्याने सांगितलं नव्हतं. एका बाईचंच पुसलं असतं तर ती कोण ते लगेच कळलं असतं, म्हणून त्याने अख्ख्या मजल्याचं पुसलं. समितीला सांगितलं नाही, मॅडमना नाही, स्वतःच्या बहिणीला नाही, आणि पंगतीत मी त्याची मान तिरकी करून दाखवत होतो तेव्हाही नाही. अक्काने काय सांगितलं होतं ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. एवढं तरी शिकलो.

सावंत मॅडमना मी मुद्दाम जाऊन भेटलो. त्या आता विभागप्रमुख आहेत. मला बघून हसल्या. "बुडवलं कुठे? सरांनी महिनाभर सुट्टीच्या दिवशी बसून माझ्यासाठी दुसरं अनुदान शोधलं. छोटं होतं, पण मिळालं. मी दुसऱ्या चाळीत एकटी गेले. पहिल्या दिवशी फक्त ओळख, संमती दुसऱ्या दिवशी, चहाच्या आधी विचारायची. निम्म्या बायका नाही म्हणाल्या. ज्या हो म्हणाल्या त्या काय बोलल्यात म्हणून सांगू! माझे विद्यार्थी आजही तसंच करतात." कट्ट्यावर हे माहीत असायचं कारणच नव्हतं. कट्ट्याला माहिती मी पुरवत होतो.

हे लिहायचं ठरवलं तेव्हा मेहुण्याला फोन केला. म्हणाला, "आत्ता नको. उद्या सकाळी या. चहाच्या आधी."

गेलो. त्याने दार उघडलं, पण आत घेतलं नाही. जिन्यात मी, उंबऱ्याच्या आत तो. वाकला आहे आता. म्हणाला, "अक्कांना विचारलंत?"

"विचारलं. तिच्या दारात उभं राहून."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, सहीचा आणि पुसण्याचा सांग. माझी गोष्ट सांगू नको, तेची सांग."

"माझं नाव नको."

"नाही घालत."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

लिहिलेले कागद माझ्या पिशवीत होते. अक्काने सांगितल्यापासून उराशी घेऊन फिरलेलं ओझं उतरायला मी आलो होतो, आणि ते उतरू द्यायचं की नाही हे त्याच्या हातात होतं. तो गंमत करत नव्हता. मी म्हटलं, "नाही म्हटलंस तरी चालेल."

त्याने मान तिरकी केली. मग म्हणाला, "लिहा. पण कट्ट्यावरची नक्कल बंद करू नका. चांगली करता तुम्ही. फक्त मान मी डावीकडे कलवतो, तुम्ही उजवीकडे करता."

मग दार पूर्ण उघडलं. "या आत. चहा घेणार? नाही म्हटलंत तरी चालेल."

घेतो म्हटलं. त्याची बायको, आमच्या वहिनी, गेल्यापासून चहा तोच करतो. मोठ्या काळजीने कप समोर ठेवला आणि मी पहिला घोट घेईपर्यंत तोंडाकडे बघत बसला. साखर घालायला विसरला होता. हल्ली विसरतो.

"बरा झालाय ना?" त्याने विचारलं.

नाही म्हटलं तरी चाललं असतं. मी हो म्हटलं, आणि आणखी अर्धा कप मागून घेतला.