मिलिटरी ड्रायव्हर आणि नदीतलं वऱ्हाड

गाडी सुरू करण्यापूर्वी ड्रायव्हरनं आपण मिलिटरीत होतो हे प्रवाशांना सांगावं, असं माझं ठाम मत आहे. महाड-पोलादपूर रस्त्यावर या मताचा मी एकटाच. आमचे मोटारमालक म्हणायचे, "अरे, लोकांना पोचायचं असतं, लढायचं नसतं!" म्हणोत बापडे! ब्रह्मदेशाच्या चिखलात लॉरी हाकली, ती काय लपवून ठेवायला?

माझ्या धाकट्या बहिणीचं, इंदूचं लग्न ठरलं. नवऱ्याकडचं वऱ्हाड महाडहून आमच्या गावी आणायचं काम माझ्याचकडे आलं. गाव सावित्रीच्या पलीकडे, पुलावरून वळसा घालून जावं लागे. नवऱ्याच्या आईनं मोटारीत पाय ठेवतानाच बजावलं, "मुहूर्त हुकला तर आम्ही माघारी फिरू!"

मी उभा राहिलो. "मंडळी, निर्धास्त बसा. मी मिलिटरीत ड्रायव्हर होतो!"

"अवो, गप बसा ना," बायको पुटपुटली. (वऱ्हाडाला न्यायला तीही आली होती.)

तेवढ्यात मागून भारदस्त आवाज आला, "हुद्दा?"

"नायक!"

"मी सुभेदार! नवऱ्याचा चुलता!" आणि ते पुढं येऊन थेट माझ्या पाठीशी बसले.

आमच्या भागात घरटी एक फौजी असतो, हे मी कसं विसरलो कोण जाणे! "वेग कमी!" "जी साहेब!" "हॉर्न!" "जी साहेब!" रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी मी कोकलत चाललो होतो.

गावचा फाटा आला. "डावीकडे घे!"

"साहेब, डावीकडं नदी हाय."

"वैशाखात कसलं पाणी? वाळूतून सरळ पलीकडे! हुकूम आहे!"

त्या वाळूत रिकामी बैलगाडीसुद्धा रुतते, हे आमच्या गावचं शेंबडं पोरही सांगेल. मलाही ठाऊक होतं. पण तोंडातून निघालं, "जी साहेब!"

मोटार चाकांच्या आसापर्यंत वाळूत बसली. नवरदेव एका हातानं बाशिंग सावरत दुसऱ्या हातानं ढकलू लागला. मोटार आणखी खाली गेली. नवऱ्याची आई कडाडली, "बस्स! चला माघारी!"

"माघारी जायला गाडी निघाय नको का, विहीणबाई?" माझी बायको म्हणाली.

विहीणबाई मटकन वाळूत बसल्या. पलीकडून माझे वडील धावत आले. "अरे, गाडी नदीत कशाला घातलीस रे?"

"हुकूम होता, बाबा!"

"आणि चाक कोणाच्या हातात व्हतं?"

मी चाकापुढची वाळू उपसायला लागलो. शेवटी भटजी अंतरपाट काखेत मारून नदीत उतरले, मागून शालू वर धरून इंदू आली. मोटारीच्या सावलीत लग्न लागलं. मुहूर्त साधला!

अक्षता पडल्यावर मी सुभेदारांना आदबीनं विचारलं, "साहेब, फौजेत आपण कोणती गाडी चालवत होतात?"

"गाडी? छे! मी बँडात होतो. मोठा ढोल."

सासरी निघताना इंदू रडायचं सोडून म्हणाली, "दादा, मिलिटरीचं आता कोणाला सांगू नको रे!"

का सांगू नये? लग्न वेळेवर लागलं की नाही? मी सांगतोच! फक्त हुद्दा वाढवून सुभेदार-मेजर सांगतो, म्हणजे हुकूम सोडायची कुणाची छाती होत नाही. नंतर एकदाच गाडीत सुभेदार-मेजरच्याही वरचे एक कॅप्टनसाहेब निघाले. गाडी पोलादपूरची, साहेबांना जायचं होतं पार उलट्या दिशेला, पाचाडला. सगळे प्रवासी पाचाडला सुखरूप पोचले!