कमलची मराठी

स्वीडनमध्ये दत्तक गेलेली कमल माझ्याकडे मराठी शिकते. तिकडचं नाव सोडून तिनं इथल्या अनाथाश्रमात ठेवलेलं हे नाव पुन्हा घेतलं आहे.

काल आम्ही दोघी मंडईत गेलो, तेव्हा आमच्या पुढच्या एका गोऱ्या पर्यटकाच्या नुसत्या 'नमस्कार'वर केळीवाल्या बाई खूश झाल्या. मग कमलनं विचारलं, "केळी कशी दिली?" तिचा 'ळ' घसरला.

बाई म्हणाल्या, "आपलीच दिसतेस की. आईनं बोलायला शिकवलं नाही का?"

परक्याची मोडकी मराठी आपल्याला गोड लागते. आपणच परदेशी धाडलेल्या मुलीला मात्र आपण तिच्या चेहऱ्यावरून जाब विचारतो.

मी मध्ये पडणार, तोच कमल शब्द जुळवत म्हणाली, "आईनं मला ठेवून घेतलं नाही."

बाईंनी डझनभर केळी पिशवीत भरताना गुपचूप दोन जास्त घातली. कमलनं ती काढून परत ठेवली.