तुळाजी नाईकाच्या अटी

तुळाजी नाईकाने स्वतःच्या तमाशाचा खेळ कधी पुरता पाहिला नाही. आमच्या पेठेत नदीच्या अंगाला त्याच्या फडाचा मांडव होता. तिकडे खेळ सुरू असताना हा मात्र आरतीच्या वेळी देवळाच्या दीपमाळेपाशी येऊन, कानामागे हात धरून उभा राही. मी ओसरीवर पोथी नकलत असे. मला वाटले, माणूस भाविक दिसतो.

"देवाकडे काय मागता, नाईक?" मी एकदा विचारले.

"गप ऱ्हावा, शास्त्रीबुवा. माजी ढोलकी हितवर येती का, ते ऐकतोय."

ढोलकी देवळात ऐकू येता कामा नये आणि आरतीच्या वेळी नाईकाने स्वतः तिथे उभे राहून याची खात्री करावी, अशी कोतवालीची अट होती. तक्रार गुरवाची. गुरव ठार बहिरा. आम्ही त्याच्याशी खुणांनी बोलत असू. तरी तक्रार खरी ठरली आणि परवान्यात एका अटीची भर पडली. प्यालेल्या माणसाला मांडवात घेऊ नये, त्यासाठी नाईकाने स्वतः दारात उभे राहून तोंडाचा वास घ्यावा, ही अट तर आधीपासूनच होती.

तुळाजी मूळचा वाघोलीचा. सरकारचा शब्द त्याला देवाच्या कौलासारखा. दारात येईल त्याला तो म्हणे, "हं, फुंका." एकदा कोतवालीच्या जमादारालाही त्याने फुंकायला लावले आणि आल्या पावली परत पाठवले.

मी सुचवले, "आरतीला मी इथे असतोच. कान मी ठेवतो, तुम्ही दार सोडू नका."

"अट माज्यावर हाय. तुमच्या कानावर कशी टाकू? पोथीत रमलात म्हंजी?"

"मग दारात दुसरा माणूस उभा करा."

"न्हाई. माजं नाव घातलंय."

या हट्टापुढे मी हात टेकले. काही वर्षे निभावले; अखेर व्हायचे तेच झाले. तो दीपमाळेपाशी असताना तोच जमादार झिंगून मांडवात शिरला, नाचणारणीच्या अंगावर गेला, मारामारी झाली. परवाना जप्त झाला.

कोतवाल चावडीवर तुळाजीने हात जोडून विचारले, "एका मानसानं दोन जागी हुबं कसं ऱ्हावं, सरकार?"

"हे परवाना घेताना विचारायचं होतं," कारकून मान वर न करता म्हणाला.

फड पांगला. ढोलकीवाला साताऱ्याकडे गेला. तुळाजीने अंथरूण धरले. परवाना परत मिळावा आणि दारात नाईकाऐवजी त्याचा माणूस चालेल, एवढी सवलत मिळावी म्हणून मी चावडीच्या खेपा घालत राहिलो. कधी कोतवालसाहेब पर्वतीला गेलेले, कधी अमावास्या, कधी कारकुनाचे जेवण. "पाहू" यापलीकडे शब्द मिळाला नाही. तुळाजी त्या पावसाळ्यात गेला.

तेरावे झाल्यावर त्याची बायको सगुणाबाई म्हणाली, "फड मी उभा करते, बुवा. पोरी उपाशी हायेत. तेवढा परवाना सोडवा, ती दाराची अट काढवा."

आम्ही दोघे चावडीवर गेलो. ती बाहेर पायरीवर बसली. मी कारकुनाला सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगितले. या दोन अटी एका माणसाला पाळणे अशक्य आहे, असेही म्हणालो.

"अशक्य?" कारकुनाने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिले. "अहो शास्त्रीबुवा, तुळाजी नाईकांनी इतकी वर्षे पाळल्या की!"

मी बाहेर आलो. सगुणाबाई उठून उभी राहिली होती.