हातातली अँप्यूल

नसीमच्या भावाचा फोन आला तेव्हा मी वॉर्डात सलाईन लावत होते. "बाई, आपा गेली," एवढंच तो बोलला. गोंडपिपरीला, घरीच, हृदयविकाराचा झटका. मी सलाईन नीट लावून घेतलं, मगच खुर्चीवर बसले. अर्धं काम सोडलेलं तिला चाललं नसतं.

आमच्या ग्रामीण रुग्णालयात ती सिस्टर म्हणून बदलून आली तेव्हा तिचा डावा डोळा पूर्ण गेला होता आणि उजव्यानं नळीतून पाहावं तेवढंच दिसायचं. शिकताना नजर बरी होती, नोकरीत आकसत गेली. वडील टेलर. त्यांच्या दुकानातला दोरा आणून तिनं औषधांच्या डब्यांना बांधला. एकाला एक गाठ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन.

"हे काय गंडे बांधून राह्यली का गं?" मी विचारलं.

"नाई बाई, देवाले चांगलं दिसते. हे माह्यासाठी."

मी हसले नाही. तिला वॉर्डात ठेवायचं की रेकॉर्डच्या खोलीत बसवायचं, याचा अहवाल साहेबांनी वॉर्डची इनचार्ज म्हणून माझ्याकडे महिन्याभरात मागितला होता. तिलाही ते माहीत होतं. माझं मत ठरलेलं होतं, फक्त तिची एक चूक हवी होती... रोज पेशंटच्या उशाशी उभी राहून मी त्या चुकीची वाट पाहत होते. शीर ती बोटानं शोधायची, आमच्याआधी. पण औषधाचं नाव कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय अँप्यूलची काच फोडायची नाही. गर्दीत बाकीच्या सिस्टर वैतागायच्या. "झाली हिची शाळा सुरू," असं तिच्या तोंडावर म्हणायच्या.

महिना संपायला दोन दिवस होते. जिवतीकडची एक बाळंतीण तापानं फणफणली होती. अँटिबायोटिकची पूड पाण्यात विरघळवून शिरेतून द्यायची होती. मी डब्यातून अँप्यूल काढून नसीमच्या हातात दिली. "डिस्टिल्ड वॉटर. फोड."

तिनं फोडली नाही. "बाई, वाचा न."

"वाचलं."

"नाई वाचलं. तुमचा आवाज कपाटाकडं गेला. डब्बा पाहून बोलल्या तुमी. हातातली वाचा."

चिडून मी ती उजेडात धरली. पोटॅशियम क्लोराइड. पाणी समजून ते शिरेत गेलं असतं तर बाळंतिणीचं हृदय तिथंच थांबलं असतं. नवा साठा लावताना कुणीतरी चुकून त्या डब्यात टाकली होती... कुणीतरी कशाला, साठा मीच लावला होता.

नसीमनं हात पुढे केला. "दुसरी द्या. वाचून."

अहवालात मी लिहिलं, वॉर्डात ठेवण्यास हरकत नाही. कारण लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मला मेमो आला असता. पुढे आठ वर्षं आम्ही एकत्र काम केलं, तिनं कुणाला सांगितलं नाही. बाईंनी दया केली म्हणून ही टिकली, असं लोक बोलायचे. ती ऐकायची... मीही ऐकून घ्यायचे.

डब्यांवरच्या गाठी मळल्यात, पण मी सोडू दिल्या नाहीत. ती गेल्यावर, परवा कपाटाकडे पाठ करून मी अँप्यूलवरचं नाव मोठ्यानं वाचत होते. नवी सिस्टर हसली. "बाई, कोणाले वाचून दाखवून राह्यल्या? तुमाले तर दिसते."

"बस इथी," मी म्हणाले, आणि त्या बाळंतिणीपासून सगळं सांगितलं. साठा कुणी लावला होता, तेसुद्धा.